सुझुकी टीएम४०० सायक्लोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्मे एकाच धाटणीचे असतात: "गाडी घेतली, आता भीती वाटते, काय करू?" पहिल्यांदा वाचणाऱ्याने ३, ९ आणि १० हे तीन प्रश्न तरी सोडू नयेत. या गाडीची खोड आणि तिचा उपाय, दोन्ही तिथे आहेत.

१. ही गाडी नेमकी कोणती?

सुझुकीने १९७१ ते १९७५ या काळात विकलेली ओपन क्लासची (२५० सीसीच्या वरच्या वर्गातली) मोटोक्रॉस गाडी, म्हणजे मातीच्या खडबडीत ट्रॅकवर शर्यत लावायची. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं ३९६ सीसीचं इंजिन, बोअर ८२ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. पाच गिअर, मिकुनी कार्ब्युरेटर, पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची चाक, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. कंपनीने सांगितलेली ताकद ४० अश्वशक्ती. वजन शंभर किलोच्या थोडं वर. अमेरिकेत तिची किंमत हजार डॉलरच्या आसपास होती आणि त्या पैशांत एवढ्या ताकदीची मोटोक्रॉस गाडी मिळणं ही मोठी गोष्ट होती. म्हणूनच ती खूप विकली गेली आणि म्हणूनच तिच्यावरून पडलेल्यांची संख्याही मोठी आहे.

२. रॉजर डिकॉस्टर याच गाडीवर जगज्जेता झाला ना?

नाही. डिकॉस्टर या बेल्जियमच्या मोटोक्रॉस रायडरने सुझुकीवर ५०० सीसीची जागतिक विजेतेपदं जिंकली ती १९७१, १९७२, १९७३, १९७५ आणि १९७६ साली, पण ती कारखान्याने खास त्याच्यासाठी बांधलेल्या गाड्यांवर. त्या हाताने घडवलेल्या होत्या. टायटॅनियम आणि मॅग्नेशियमचे भाग, वेगळी चेसी, वेगळं इंजिन. शोरूममधली टीएम दिसायला त्यांची बहीण वाटावी अशी केली होती, एवढंच नातं. त्यामुळे "डिकॉस्टर चालवायचा, मग आपल्याला का जमत नाही" असं मनाला लावून घेऊ नका. त्याने विजेतेपदं जिंकली ती ही गाडीच नव्हे.

३. हिला 'विडोमेकर' (बायकांना विधवा करणारी) का म्हणतात? खरंच एवढी वाईट आहे का?

नावात अतिशयोक्ती आहे, पण कारणं खरी आहेत. तीन कारणं आहेत आणि ती वेगवेगळी समजून घेतली तरच दुरुस्ती जमते.

पहिलं इग्निशन. सुझुकीची पीईआय ही पॉइंटशिवायची इलेक्ट्रॉनिक इग्निशन. खालच्या आरपीएमला ठिणगी उशिरा पडते. किक मारताना पाय वाचावा म्हणून ते ठीकच आहे. पण मधल्या आरपीएमला टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) हळूहळू पुढे सरकण्याऐवजी उडी मारून पुढे जातं. थ्रॉटल तसाच धरलेला असतानाही ताकद एकदम येते. उडी नेमकी कुठे येईल हे इंजिनाची गरमी, मिश्रण आणि चढ यांवर हलतं, त्यामुळे एकाच वळणावर दोन फेऱ्यांत दोन वेगळे अनुभव येतात.

दुसरं मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकावर इंजिनाबरोबर फिरणारं चुंबकांचं चाक. ४०० सीसीच्या एका सिलिंडरसाठी तो फारच हलका आहे. जड मॅग्नेट असता तर टायमिंगच्या उडीचा झटका त्याने गिळला असता. इथे तो सरळ मागच्या टायरला पोचतो.

तिसरं चेसी आणि सस्पेन्शन. चेसी पिळते, मागचे शॉकअप काही मिनिटांच्या धावेतच गरम होऊन सुस्त पडतात. चाक जमिनीवर नसताना आरपीएम चढतात, चाक जमिनीला लागतं तेव्हा इंजिन नेमकं उडीच्या पलीकडे असतं, आणि गाडी आडवी होते.

यातलं एकेक कारण सोसवलं असतं. तिन्ही एकत्र आल्यावर माणूस गाडीवरून फेकला जातो.

४. ४० अश्वशक्ती म्हणजे आजच्या ४५० सीसी मोटोक्रॉस गाडीच्या मानाने कमीच. मग घाबरायचं कशाला?

आकडा कमाल ताकदीचा आहे. ती किती अंतरात येते हे तो सांगत नाही. आजच्या फोर-स्ट्रोक ४५०ची ताकद मनगटाबरोबर वाढत जाते, हिची मनगट न हलवताही वाढते. शिवाय आजच्या गाडीला मागे सुमारे ३०० मिमी ट्रॅव्हल (चाक वरखाली होण्याचं अंतर) असतो, हिला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा.

५. माझी गाडी कोणत्या वर्षाची हे कसं ओळखू, आणि कोणतं वर्ष घ्यावं?

सुझुकीच्या त्या काळच्या मॉडेल-अक्षरांवरून: आर म्हणजे १९७१, जे म्हणजे १९७२, के १९७३, एल १९७४, एम १९७५. पण पन्नास वर्षांत टाक्या, मडगार्ड, इंजिनं एका गाडीतून दुसरीत गेलेली असतात. टाकीच्या रंगावर विश्वास ठेवू नका. चेसी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही पाहा आणि ते त्या वर्षाच्या पार्ट-बुकाशी ताडून घ्या.

चालवायला घेत असाल तर उशिराचं वर्ष बरं, कारण सुझुकीने पुढे गाडी बरीच शांत केली. संग्रहासाठी लोक १९७१चीच शोधतात. आमचं मत विचाराल तर वर्षापेक्षा क्रँक आणि चेसी कशी आहे ते बघा.

६. घ्यायला गेल्यावर काय काय तपासू?

विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर ती थंड होईपर्यंत थांबा. पहिली किक थंड इंजिनाला मारायची.

मग मागचं चाक उचलून चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) आडवा हलवा. टोकाला जाणवेल एवढा खेळ असेल तर बुश गेलेत. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मध्यावर खाच लागल्यासारखं अडकलं तर स्टिअरिंगच्या बेअरिंगच्या वाटीत गोळ्यांचे खड्डे पडलेत. चेसीवर दोन जागा बोटाने चाचपायच्या: स्टिअरिंगच्या मानेखालचा जोड आणि चिमट्याच्या पिव्होटभोवतालचं वेल्डिंग. रंगात केसाएवढी रेघ दिसली तर तिला तडाच समजा.

मॅग्नेटचं झाकण उघडू देत असतील तर जरूर उघडा. मॅग्नेट धरून वरखाली ढकला. हलला तर क्रँकचे बेअरिंग गेले. नटावर छिन्नीच्या खुणा असतील तर आधीच्या मालकाने पुलर (मॅग्नेट खेचून काढायचं हत्यार) न वापरता हातोड्याने काम केलेलं आहे, आणि टेपर (मॅग्नेट बसतो ते क्रँकचं निमुळतं टोक) खराब असण्याची शक्यता धरूनच किंमत बोला.

७. किक उलटी मारते. पायाला लागलं. काय चुकतंय?

किक अर्धवट मारली जाते हे सर्वांत सामान्य कारण. पिस्टन वरच्या टोकाच्या जरा पुढे आणा, किकची काठी पुन्हा वर घ्या, आणि एका दमात तळापर्यंत न्या. थ्रॉटल बंद. बूट जाड तळाचे हवेत, चपलेत किंवा कॅनव्हासच्या बुटात या गाडीला किक मारू नये. नीट मारूनही उलटी येत असेल तर टायमिंग पुढे गेलेलं आहे किंवा मॅग्नेटची चावी (त्याला क्रँकवर नेमक्या जागी धरणारी छोटी पट्टी) तुटून मॅग्नेट सरकला आहे. तपासायचं कसं ते प्रश्न ९ मध्ये.

८. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं?

राजदूत किंवा येझदी सांभाळलेल्यांना हे नवं नाही: ऑइल टाकीतच मिसळायचं, वेगळा पंप नाही. जुन्या खनिज तेलाच्या काळात २०:१ चालायचं, म्हणजे लिटरला ५० मिली. आजच्या चांगल्या सिंथेटिक टू-स्ट्रोक तेलाला ३२:१ पुरतं, म्हणजे लिटरला ३१ मिली, पाच लिटरला १५६ मिली. नव्या बोअरवर पहिली टाकी २०:१चीच ठेवा.

एक गोष्ट लोक विसरतात. ऑइल वाढवलं की तेवढ्याच जेटमधून (कार्ब्युरेटरमधल्या मापाच्या भोकातून) पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण पातळ होतं. ३२वरून २०वर गेलात तर मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लग बघा. बिस्किटासारखा तपकिरी हवा. पांढरा दिसला तर लगेच थांबा.

९. इग्निशन उडी मारतेय हे घरी कसं तपासायचं?

पिस्टन-स्टॉप (प्लगच्या जागी बसवून पिस्टनला अडवणारा बोल्ट), स्ट्रोब लाइट (प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) आणि स्ट्रोबसाठी वेगळी १२ व्होल्टची बॅटरी लागते. गाडीला बॅटरी नाही.

प्लग काढून पिस्टन-स्टॉप बसवा. इंजिन हाताने एका दिशेने फिरवून अडेल तिथे मॅग्नेटवर, केसिंगवरच्या एका पक्क्या खुणेसमोर रेघ मारा. उलट फिरवून अडेल तिथे दुसरी. दोन रेघांच्या बरोबर मधली जागा म्हणजे वरचं टोक. स्टॉप काढा. विसरून किक मारलीत तर पिस्टनला भोक पडेल.

आता अंश आखा. मॅग्नेटचा व्यास मोजा, ३.१४ने गुणा, ३६०ने भागा. १२० मिमी व्यासाला एक अंश म्हणजे १.०५ मिमी. कागदी पट्टीवर दर ५ अंशांना रेघ आखून ती मॅग्नेटवर चिकटवा. वरच्या टोकाच्या आधीच्या अंशांची बाजू चुकू नका. इंजिन फिरण्याच्या दिशेने पाहिलं तर त्या रेघा खुणेसमोरून वरच्या टोकाच्या आधी जातात.

गाडी स्टँडवर, पंखा इंजिनासमोर. चालू करून आरपीएम अगदी सावकाश चढवा आणि स्ट्रोबखाली रेघ बघा. ती सरकत गेली तर ठीक. एका जागी थांबून अचानक काही अंश पुढे दिसली तर तुमच्याकडे ती प्रसिद्ध उडी आहे. मागेपुढे थरथरली तर दोष वेगळा आहे: क्रँकचे बेअरिंग, सैल स्टेटर (मॅग्नेटजवळची न फिरणारी कॉइलची चकती), किंवा गंजलेली अर्थ. अर्थची जागा रंग खरवडून स्वच्छ करा, बऱ्याचदा निम्मं काम तिथेच होतं.

पूर्ण पुढे गेलेल्या टायमिंगचा आकडा तुमच्याच वर्षाच्या कारखाना-मॅन्युअलमधून घ्या. दुसऱ्या वर्षाचा आकडा लावून पिस्टन वितळल्याची उदाहरणं आहेत.

१०. मॅग्नेट जड करा असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय?

मॅग्नेटवर पोलादी कडं बसवायचं. एवढं एक काम केलंत तरी गाडी बदललेली वाटेल, म्हणून कामाची सुरुवात इथूनच करा.

वजनापेक्षा ते कुठे बसतं याला महत्त्व आहे. परिणाम त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. मध्यापासून ६० मिमीवर असलेलं एक किलो ३० मिमीवरच्या एक किलोच्या चौपट काम करतं. म्हणून कडं रुंद आणि बाहेरच्या काठाला हवं, मधोमध जाड चकती नको. एक किलोच्या आसपासपासून सुरुवात करा.

लेथवाल्याला तीन गोष्टी बजावून सांगा. कडं घट्ट बसवून बोल्टने किंवा वेल्डिंगने पक्कं करायचं, पण वेल्डिंगची गरमी चुंबकांपर्यंत जाऊ द्यायची नाही. नंतर बॅलन्सिंग झालंच पाहिजे. आणि झाकण बंद होतं का ते आधी मोजायचं.

बसवताना क्रँकचा टेपर आणि मॅग्नेटचं भोक दोन्ही तेलाचा अंशही न ठेवता पुसायचं. जड मॅग्नेट तेलकट टेपरवर सरकतो आणि चावी कापतो. टेपरवर खरखरीत डाग असतील तर बारीक व्हॉल्व्ह-पेस्टने हाताने घासून जुळवा, पेस्ट धुऊन काढा, नट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा.

तोटा? रेस सावकाश उतरते, उंचवट्यावरून जंप घेतल्यावर हवेत गाडी थोडी वेगळी वागते. या गाडीवर हा सौदा शंभर टक्के फायद्याचा आहे.

११. त्यापेक्षा नवीन इग्निशनच बसवू का?

त्या काळी लोक मोटोप्लॅट नावाची इग्निशन बसवायचे. आता प्रोग्राम करता येणाऱ्या इग्निशन मिळतात आणि त्यांत टायमिंगची रेघ सरळ आखता येते. उत्तम उपाय आहे, पण त्यांतल्या बऱ्याच संचांचा रोटर (मॅग्नेटच्या जागी बसणारा फिरता भाग) मूळ मॅग्नेटपेक्षाही हलका असतो. उडी गेली आणि वजनही गेलं, असं करू नका. रोटरबरोबर वजनाचं कडं मिळतं का ते विचारूनच घ्या. मूळ पीईआय पेटी, स्टेटर आणि मॅग्नेट एका डब्यात नीट गुंडाळून ठेवा. पुढच्या मालकाला त्यांची किंमत कळेल.

१२. खर्च न करता नुसतं टायमिंग मागे घेतलं किंवा कॉम्प्रेशन कमी केलं तर?

टायमिंग थोडं मागे घेतलं की झटका मऊ होतो, पण उडी राहतेच, फक्त दोन्ही टोकं मागे सरकतात. जास्त मागे घेतलं तर पेट्रोल उशिरा जळतं, एक्झॉस्ट तापतो, पिस्टनची एक्झॉस्टकडची बाजू घासली जाते.

कॉम्प्रेशन कमी करायचं तर फक्त हेडकडून. सिलिंडरखाली जाड पॅकिंग घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. सिलिंडर वर उचलला की एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर पोर्टही (सिलिंडरच्या भिंतीतली धूर बाहेर जाण्याची आणि मिश्रण आत येण्याची भोकं) वर जातात, ते जास्त वेळ उघडे राहतात आणि ताकद आणखी वरच्या आरपीएमला, आणखी अरुंद पट्ट्यात सरकते. म्हणजे नको होतं तेच झालं. हेडचं पॅकिंग जाड केलंत तर पोर्ट जागेवर राहतात.

अगदी स्वस्तातला उपाय पुढच्या स्पॉकेटचा: एक दात वाढवा. झटका लांबतो.

१३. धक्क्यांच्या रांगेवर मागचं चाक उड्या मारतं. शॉकअप बदलू की दुरुस्त करू?

बदला. मूळ शॉकअपची जागा प्रदर्शनाच्या गाडीवर. नवीन घेताना डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी मूळ मापाचीच ठेवा आणि स्प्रिंग तुमच्या वजनाला मागवा. तुम्ही पूर्ण पोशाखात बसल्यावर मागची बाजू एकूण ट्रॅव्हलच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी बसायला हवी. त्याहून कमी बसली तर स्प्रिंग कडक आहे, आणि कडक स्प्रिंगवर ही गाडी जास्तच उडते.

चेन तपासायची ती चिमटा अशा जागी आणून, जिथे पुढचं स्पॉकेट, पिव्होट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात. तिथे चेन सर्वांत घट्ट असते. शॉकअप सोडल्याशिवाय ती जागा मिळत नाही, म्हणून बरेच जण टाळतात आणि मग घट्ट राहिलेली चेन चिमट्याला वर जाऊच देत नाही.

१४. वेगात हँडल थरथरतं. काय करावं?

क्रमाने जा. आधी चाकाच्या तारा आणि बेअरिंग, मग चिमट्याचे बुश, मग स्टिअरिंगच्या गोळ्यांऐवजी टेपर रोलर बेअरिंग, मग चाकांची सरळ रेषा दोरी धरून. फोर्कच्या दोन्ही नळ्यांत ऑइल सारखंच हवं, आणि ते बाटलीवरच्या मिलिलिटरने न मोजता नळी पूर्ण दाबून, स्प्रिंग काढून, वरच्या काठापासून पट्टीने मोजा. जुन्या फोर्कमध्ये गाळ साठून राहतो, त्यामुळे मिलिलिटर फसवतात.

इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट दर धावेनंतर आवळा. इंजिन हा या चेसीचाच एक आधार आहे, बोल्ट सैल झाले की चेसी दुप्पट पिळते. एवढं करूनही थांबलं नाही तर मानेभोवती आधारासाठी पत्र्याचे त्रिकोणी तुकडे टिग वेल्डिंगने जोडून घ्या, पण आधी चेसी जिगवर सरळ आहे का ते बघा. वाकडी चेसी मजबूत केलीत तर ती कायमची वाकडी राहील.

१५. मागचा ट्रॅव्हल वाढवला तर सगळंच सुटेल ना?

शर्यतीत उतरायचं असेल तर थांबा. अमेरिकेत एएचआरएमए या जुन्या मोटरसायकलींच्या शर्यती घेणाऱ्या संघटनेच्या व्हिंटेज वर्गांत पुढे ७ इंच आणि मागे ४ इंच ही चाकाच्या ट्रॅव्हलची मर्यादा आहे. शॉकअप पुढे सरकवलेत की गाडी तपासणीतच बाहेर. शिवाय मागची बाजू उचलली की स्टिअरिंगचा कोन उभा होतो आणि प्रश्न १४ नव्याने सुरू होतो.

१६. थ्रॉटल सोडला तरी रेस उतरत नाही. उलट चढते!

हा या पानावरचा सर्वांत धोक्याचा प्रश्न आहे. इंजिन कुठून तरी हवा घेतंय. बहुधा मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील, नाहीतर कार्ब्युरेटरचा रबर. हवा वाढली, मिश्रण पातळ झालं, इंजिन तापलं आणि आता ठिणगीशिवायही जळतंय. म्हणून किल-स्विच दाबून उपयोग होईलच असं नाही. वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडून इंजिन कोंडा. जमलं नाही तर चोक ओढा किंवा हवेची वाट कापडाने बंद करा.

मग ती गाडी पुन्हा चालू करायची नाही. एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरची तोंडं बंद करून क्रँककेसमध्ये ६ पीएसआय हवा भरा. सहा मिनिटं टिकली पाहिजे. उतरली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. उलट, गाडी पांढरा धूर काढत असेल आणि गिअरबॉक्सचं ऑइल घटत असेल तर क्लचच्या बाजूचं सील गेलंय.

१७. टीएस४००चे भाग चालतात का?

टीएस४०० अपाचे ही त्याच घराण्यातली रस्त्यावरची गाडी. बरेच भाग नात्यातले आहेत, पण तिला ऑइल पंप आहे आणि पोर्ट शांत आहेत. मॅग्नेट घ्यायचा झाला तर त्याचा स्टेटर आणि पेटीही त्याच गाडीची घ्या. नुसता मॅग्नेट उचलून बसवलात तर ठिणगीची वेळ चुकते. टेपर आणि चावीची खाच शेजारी ठेवून मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

१८. सगळं केलं. आता चालवायची कशी?

एक गिअर वर. ज्या वळणाला दुसरा घ्यावासा वाटेल तिथे तिसरा घ्या आणि क्लचवर दोन बोटं ठेवा. थ्रॉटल वळणात उघडायचा नाही. गाडी उभी आणि चाकं सरळ झाली की उघडा, तेही एका दमात नाही. उडी येते त्या आवाजाची कानाला सवय करा. सपाट मोकळ्या जागेत तिसऱ्या गिअरवर खालून वर दहा-बारा वेळा नेलं की ती जागा कळते, मग वळणात तिच्या खालीच राहायचं किंवा तिच्या वर, मध्ये घुटमळायचं नाही. चढावर अंग पुढे, टाकीवर.

१९. महाराष्ट्रात ही गाडी मिळेल का? आणि इथल्या पेट्रोलवर चालेल?

भारतात ती कधी विकलीच गेली नाही. सुझुकीचं नाव इथल्या दुचाकींवर आलं तेच १९८०च्या दशकात. म्हणून हे प्रश्न मुख्यतः अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातले मराठी वाचक पाठवतात. शर्यतीचीच गाडी असल्याने तिला दिवे नाहीत, त्यामुळे रस्त्यावर चालवण्याचा विचार सोडून द्या.

पेट्रोलबद्दल: कॉम्प्रेशन जास्त नाही, साधं पंपावरचं चालतं. त्रास इथेनॉलचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी १० टक्के, भारतात आता २० टक्के. त्याने जुने रबर फुगतात आणि ते पाणी ओढतं. फ्युएल पाइप, कार्ब्युरेटरचे रबर आणि फ्लोट-नीडल नवीन घाला, आणि दिवस संपला की टाकी आणि फ्लोट-बाऊल रिकामी करा. मिश्रण महिनोन् महिने ठेवू नका. वेगळ्या झालेल्या पाण्यावर क्रँकचे बेअरिंग गंजतात आणि मग प्रश्न ६ मधला हलणारा मॅग्नेट तुमच्याच गाडीत सापडतो.